शेवटच्या रिळातली भाकर

सिनेमात कोणी मेलं, की आमच्या गल्लीतली गोदाबाई घरी येऊन अंगावर पाणी घेतल्याशिवाय चुलीला हात लावत नसे. पडद्यावरचा असला म्हणून काय झालं, मेला तो मेला. एकदा पौषाच्या थंडीत एकाच सिनेमात एका घरचे तिघं गेले. कुडकुडत आंघोळ करणाऱ्या बायकोला नवरा म्हणाला, "बाई, आता ज्याच्यात कोणी मरत नाही असा सिनेमा आला तरच जाजो." तसा सिनेमा काही आला नाही, आणि गोदाबाईचं जाणंही काही थांबलं नाही.

असे होते ते सिनेमे आणि अशा होत्या ते पाहणाऱ्या. चांदूर बाजारात तेव्हा पक्कं थेटर नव्हतं. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला, तिकडे महायुद्ध पेटलेलं, रॉकेल रेशनच्या चिठ्ठीवर. सुगी आटोपली की बाजाराच्या मागच्या पडीत खुशालरावांचा तंबू लागायचा. खुशालराव अकोल्याचे, जठारपेठेत त्यांचं घर. गोरा, ठेंगणा माणूस. डोक्यावर काळी टोपी आणि हातात पत्र्याचा भोंगा. सकाळी छकड्यावर उभं राहून गावभर ओरडायचे, आणि संध्याकाळी तोच भोंगा घेऊन तंबूच्या दारात. मशीन एकच, त्यामुळं एक रीळ संपलं की दिवा लागायचा. तेवढ्यात बायका डोळे पुसून घ्यायच्या आणि शेंगा फोडायला लागायच्या. दिवा विझला की पुन्हा रडं सुरू. मधे कनात, इकडे गडी, तिकडे बाया.

सिनेमाला त्याच्या खऱ्या नावानं आमच्याकडे कोणी ओळखत नसे. 'चार भावांचा', 'दोन जावांचा', 'आंधळ्या बापाचा' अशी आमची नावं. सगळे घरगुती. मारामारीचा सिनेमा खुशालराव आणायचेच नाहीत. ते म्हणत, "मारामारी पाहाले एकटा गडी येते. सासू-सून पाहाले आख्खं घर येते, अन् संग पावणे आणते." हिशोबी माणूस, पण बोलला ते खोटं नव्हतं. आज माझी नातवंडं घरात पडदे ओढून व्हिडिओ पाहतात, कोण कुठं लोळतोय, कोण झोपलाय. तसं नव्हतं. सासूच्या सिनेमाला गाव जायचं म्हणजे लग्नाला निघाल्यासारखं जायचं.

तर मी सांगतोय ती मनकर्णाबाईची गोष्ट. गोवर्धन माळ्याची ती बायको. माझं कपाशीचं वावर आणि तिचा मळा, मधे फक्त बांधाचा एक धुरा. बाई उंच, काटक, आणि अपमान विसरणं तिच्या रक्तातच नव्हतं. शालिकराम वाण्यानं एकदा भर बाजारात तिच्या वांग्याला किडकं म्हटलं. सहा वर्षं तिनं त्याच्या घरी वांगं जाऊ दिलं नाही. नुसतं स्वतःचं नाही, तिच्या बोलण्याबाहेर गावातला एक माळी नव्हता. पुढं शालिकरामच्या पोरीचं लग्न निघालं. वऱ्हाडातलं लग्न आणि पंगतीत वांग्याची भाजी नाही! पाहुणे ताटावरून उठता उठता राहिले. व्याही म्हणाला, "सोयरीक कोठं केली आपण?" मनकर्णाबाई त्या दिवशी मांडवासमोरून भरली टोपली डोक्यावर घेऊन तीनदा गेली. तीनदा. मी मोजलं.

अशा बाईची खोड खुशालरावांनी काढली.

झालं असं. सासूचा सिनेमा लागला होता. मनकर्णाबाई बाजार उठल्यावर थेट तंबूत आलेली, उरलेली भेदरं टोपलीत मांडीजवळ. भेदरं म्हणजे तुमचे टमाटे. चौथ्या रिळात सासूनं काय केलं, तर सुनेच्या हातातली भाकर हिसकली आणि दारातल्या कुत्र्यापुढं टाकली. बायकांत एकच हुंदका फुटला. मनकर्णाबाईची सासू दोन वर्षांपूर्वीच वारली होती, आणि तिनं सुनेला काय काय खायला दिलं नाही हे माळीपुऱ्याला ठाऊक होतं. तिच्या तोंडावर जे बोलायचं ते मनकर्णाबाईचं राहूनच गेलेलं. ती उभी राहिली.

"घे व सटवे, हे खाय!"

पहिलं भेदर खांबाला लागलं. दुसरं पडद्याच्या कडेला. तिसरं मात्र सासूच्या बरोब्बर नाकावर फुटलं. पांढऱ्या मांजरपाटाचा पडदा, त्यावरून लाल ओघळ खाली. काही बाया म्हणाल्या, "बरं झालं!"

खुशालरावांनी मशीन थांबवलं, दिवा लावला. "कोण व ते?"

"म्या," मनकर्णाबाई म्हणाली. लपायचं तिला सुचलंही नसेल.

"इकडे ये. पडदा काय तुह्या बापानं घेऊन देल्ला? पूस!"

त्यांनी तिच्या हातात ओलं फडकं दिलं आणि सगळ्या गावासमोर तिला पडदा पुसायला लावला. ती पुसे तसा डाग पसरे. गड्यांच्या बाजूला हशा पिकला. कोणी म्हणालं, "मीठ टाका, भाजी होते!" गोवर्धन माझ्यापासून चार माणसं सोडून बसला होता. तो उठला, इकडं तिकडं पाहिलं आणि पुन्हा बसला. मी काय केलं? मीही हसलो. आता या वयात खोटं कशाला सांगू, पोट धरून हसलो.

पुसून झालं तेव्हा खुशालरावांनी फडकं तिच्या हातून घेतलं आणि दार दाखवलं. "जाय आता. शेवट पाहाले माणसं बसतीन. भाजीपाल्याचं काम नाही."

एवढ्यावर थांबते तरी निभलं असतं. पण हशा मिळाला की सिनेमावाल्याला तो पुन्हा हवा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी छकडा निघाला आणि भोंग्यातून आवाज आला, "आयाबहिणींनो, बिनघोर या! भेदरंबाईले तंबूत बंदी हाय!" लोक हसले. मग आठ दिवस रोज तेच. भेदरंबाई, भेदरंबाई. पोट्टे तिच्या मागं ओरडत फिरायला लागले. बाजारात गिऱ्हाईक म्हणायचं, "काय भेदरंबाई, वांगे कसे देल्ले?" शालिकराम वाण्यानं तर दुकानाच्या पायरीवर बसून हा शब्द दिवसातून वीसदा म्हणायचा नेमच धरला. एका आठवड्यात बाईचं आईबापानं ठेवलेलं नाव गावानं पुसून टाकलं.

ती एक दिवस धुऱ्यावर आली. मी औत सोडून पाणी पीत होतो.

"केशवभाऊ, माहं नाव काय हाय?"

"काहून विचारता? मनकर्णाबाई."

"हे नाव त्यानं त्या भोंग्यातून घेतलं पाह्यजे. बाजाराच्या दिवशी. या टोकापासून त्या टोकालोक. नाही घेतलं तं म्या त्याचा तंबू उठवीन."

"बाई, तो अकोल्याचा पैसेवाला माणूस. तुमी एकल्या काय करसान? काही पेटवून-बिटवून नोका देऊ."

"पेटवते कोण? म्या नुसती भाजी विकीन," ती म्हणाली आणि निघून गेली.

तेव्हापासून तिचं अमरावतीला जाणं वाढलं. पहाटेची सर्व्हिस मोटार, लढाईमुळं पेट्रोल नाही म्हणून कोळशाच्या गॅसवर चालणारी. चढावर उतारूंनी उतरून ढकलायची. त्या मोटारीच्या टपावर टोपल्या टाकून ती जायची, दुपारपर्यंत माल विकायची आणि परतीची मोटार सुटेपर्यंत अमरावतीच्या थेटरात तीनचा खेळ पाहायची. आमच्या तंबूत येणारा सिनेमा अमरावतीत तीन-चार महिने आधी लागत असे. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याचा उपयोग करायचं तिलाच सुचलं.

परत आली की ती भाजी विकायला निघायची आणि सिनेमा सांगायची. तोही कसा? एका गल्लीत एकच रीळ! पहिलं रीळ माळीपुऱ्यात, दुसरं कुंभारपुऱ्यात, तिसरं मारुतीच्या देवळामागं. रीळ संपलं की टोपली डोक्यावर घेऊन पुढं. बाया पोरं काखेला मारून तिच्या मागं या गल्लीतून त्या गल्लीत. माझी बायको सुभद्रा चुलीवर वरण ठेवून गेली आणि चौथ्या रिळाला परत आली, तोवर वरणाचा कोळसा झालेला.

"वरण कुठं हाय?" मी विचारलं.

"वरणाचं काय घेऊन बसले! त्या धाकल्या जावेच्या पोटात तीन दिवस अन्न नाही, अन् तुमाले वरण पाह्यजे?"

तो दोन जावांचा सिनेमा. थोरली जाऊ धाकटीला राबवते, उपाशी ठेवते, तिच्यावर चोरीचा आळ घेते. नवरा परगावी. मनकर्णाबाई सांगायची म्हणजे नुसती सांगायची नाही, दोघी जावा तीच व्हायची. थोरलीचं बोलताना तिच्या दिवंगत सासूचाच आवाज निघायचा, असं म्हाताऱ्या बाया म्हणत. आणि शेवट? शेवटी नवरा येतो, चोरी उघडी पडते, धाकटीच्या हाती किल्ल्या येतात. मग धाकटी थोरलीला चुलीपुढं बसवते, तीन दिवसांची वाळकी भाकर पुढं टाकते आणि म्हणते, "खाय. तीन साल म्या हेच खाल्लं. आता तू खाय, अन् म्या पाह्यतो." थोरली रडते. धाकटी उभी राहून पाहते. ती शेवटचा तुकडा गिळेपर्यंत पाहते.

सुभद्रा मला हे सांगताना अशी खुलली होती की काय सांगू. "अस्सं पाह्यजे! याले म्हणतात सिनेमा!" गावातल्या सगळ्या बायांना ती भाकर पाहायची होती. खुशालराव हा सिनेमा कधी आणतात म्हणून त्या दिवस मोजायला लागल्या.

आता माझी गंमत ऐका. मधल्या काळात सरकी घेऊन मी अमरावतीला गेलो. काम लवकर आटोपलं, म्हटलं आपणही दोन जावा पाहून घेऊ. पाहिला. शेवट आला. नवरा आला, किल्ल्या आल्या, थोरली म्हणाली, "माझं चुकलं," आणि धाकटी तिच्याच पाया पडली! दोघी गळ्यात गळा घालून रडल्या आणि सिनेमा संपला. भाकर? भाकरीचा पत्ता नाही. मी खुर्चीतून उठेना. झाडूवाला म्हणाला, "काका, संपला."

दुसऱ्या दिवशी मी धुऱ्यावर तिला गाठलं. ती वांगी तोडत होती.

"बाई, म्या पाहून आलो. भाकर नाही त्याच्यात."

"हाय ना."

"नाही! ते पाया पडते तिच्या."

"कोणाच्या पाया पडते? जिनं उपाशी मारलं तिच्या?" तिनं वांगं पाटीत आदळलं. "असा शेवट असते का कुठं? म्हणून भाकर म्या टाकली."

"म्हणजे तुमी लोकांले खोटं सांगून राह्यल्या?"

ती ताठ उभी राहिली. "केशवभाऊ, तुमी त्या दिवशी दुसऱ्या ओळीत बसले होते. हासून राह्यले होते. पोट धरून. म्या पडदा पुसता पुसता मागं पाह्यलं होतं."

मला खाली मान घालावी लागली.

"तुमाले जाऊन सांगायचं असन तं सांगजा," ती म्हणाली. "नाही तं हासल्याचं भरून देजा."

मी धुऱ्यावरून माघारी वळलो. औताला बैल जुंपले.

चैत्रात दोन जावांचा सिनेमा तंबूत लागला. एवढ्या बाया की कनात सरकवावी लागली. खुशालराव दारात उभे राहून मिशीला पीळ देत होते. मनकर्णाबाई अर्थातच बाहेर, तिला बंदी होती. ती आपली घरी कांद्याच्या वेण्या घालत बसली होती. सिनेमा चालला. बाया पुढचं सगळं आधीच बोलत होत्या, "आता आळ घेईन पाहा, आता मारीन पाहा." शेवटचं रीळ लागलं. नवरा आला. किल्ल्या आल्या. बाया भाकरीसाठी पुढं सरकल्या. धाकटी वाकली, पाया पडली, दोघी रडल्या, दिवा लागला.

एकही बाई उठली नाही.

"चला, संपला सिनेमा," खुशालराव भोंग्यातून म्हणाले.

"भाकर कुठं हाय?" सुभद्रेचाच आवाज. मी ओळखला.

"कायची भाकर?"

"शेवटच्या रिळातली! थोरलीले खाऊ घालते ते!"

"अशी काही भाकर नाही, बाई."

"कापली!" गोदाबाई ओरडली. "तेल वाचवाले रीळ कापलं यानं!"

आता इथं एक गोष्ट लक्षात घ्या. खुशालराव रिळं कापतच असत. रॉकेल चिठ्ठीवर, मशीनचं इंजिन तेल पीत होतं. ते लवकर बंद व्हावं म्हणून कधी एक गाणं, कधी दोन गाणी गाळायची ही त्यांची रीत. गावाला ते माहीत होतं आणि गाव चालवून घेत होतं. त्यामुळं आता खुशालराव भोंग्यातून शपथा घेत होते आणि कोणी मानत नव्हतं. घाबरून त्यांनी मशीनवाल्या चंद्रभानला पुढं ओढलं. चंद्रभान साधा, खरं बोलणारा पोरगा.

"सांग रे यायले! आपण काही कापलं का?"

"आज नाही कापलं मालक," चंद्रभान म्हणाला. "आज तं नुसतं एकच गाणं कापलं."

मग काय विचारता! गडीही उठले. "अन् भाकर? भाकर कोण्या खिशात घातली?" खुशालरावांचा आवाज फाटला. "अरे, त्या भाजीवालीचं ऐकून राह्यले तुमी! कोण्या माणसानं पाह्यला का हा सिनेमा अमरावतीत? हाय कोणी? उभं राहून सांगा!"

सगळे एकमेकांकडं पाहायला लागले. मी दुसऱ्या ओळीत होतो. उभा राहिलो.

"म्या पाह्यला," मी म्हणालो. "भाकर हाय. चांगली मोठी ज्वारीची हाय. थोरली पुरी खाते."

पुढं काय झालं ते मी फार सांगत नाही. तिकिटाचे पैसे परत करता करता खुशालरावांची टोपी कोणी नेली ती सापडली नाही. घरी जाताना सुभद्रा माझ्याकडं अशी पाहत होती, जशी लग्नानंतर पहिल्यांदा पाहत होती. "तुमी पाह्यला अन् मले सांगतलं नाही?" मी म्हणालो, "तुह्या आनंदात कायले माती टाकू?" असा मी.

त्यानंतर चार भावांचा आला. मनकर्णाबाईनं त्यातल्या लबाड भावाला शेवटी स्वतःच्याच वावरात सालगडी म्हणून ठेवलं होतं. पडद्यावर भावांची गळाभेट झाली. बाया म्हणाल्या, "पुन्हा कापलं!" तिसऱ्या सिनेमाला तंबूत गोदाबाईसुद्धा आली नाही. बाया नाहीत तर घर नाही, आणि घर नाही तर घरगुती सिनेमा पाहणार कोण? गोणपाटावर कुत्री झोपायला लागली.

खुशालरावांनी तंबू गुंडाळला आणि अकोल्याला गेले. मोर्णा नदीच्या काठी तंबू ठोकला, म्हटलं आपलं गाव, आपली माणसं. त्यांना कुठं ठाऊक, की मनकर्णाबाईची धाकटी बहीण शकुन अकोल्याच्या जुन्या शहरात फुलं विकत होती! थोरल्या बहिणीचा निरोप तिला आधीच पोचला होता. शकुन सकाळी देवपूजेची फुलं द्यायला घराघरात जायची. जुन्या शहरातल्या गल्ल्या अरुंद, एका ओसरीवर बोललेलं समोरच्या ओसरीवर ऐकू जातं. तिला रीळ वाटून सांगायचीही गरज पडली नाही. फुलांच्या पुड्यांबरोबर ती भाकर जुन्या शहरातून नदी ओलांडून थेट जठारपेठेत गेली. एक दिवस खुशालराव जेवायला बसले, आणि त्यांच्या घरच्या बाईनं, जमुनाबाईनं, वाढता वाढता विचारलं, "अवो, एक विचारू का? त्या दोन जावांच्या सिनेमातली भाकर तुमी कावून कापली?"

हे मला पुढं चंद्रभाननं सांगितलं. त्या दिवशी मालक जेवले नाहीत म्हणे.

कार्तिकात एका सकाळी खुशालराव मनकर्णाबाईच्या मळ्यात आले. मी धुऱ्यावर होतो, सगळं ऐकू येत होतं. टोपी नवी होती, माणूस जुना दिसत होता.

"बाई, काय पाह्यजे तुमाले?"

"माहं नाव."

"काय?"

"माहं नाव माहीत हाय का तुमाले?"

खुशालराव टोपी सारखी करायला लागले. त्यांना खरंच माहीत नव्हतं! भेदरंबाईच्या पलीकडं त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. शेवटी गोवर्धननं, बिचाऱ्यानं, मोटेवरून हाक मारून सांगितलं, "मनकर्णा! मनकर्णाबाई म्हणा!" नवरा त्या बाईसाठी उभा राहिलेला मी तेवढाच एकदा पाहिला.

"बाजाराच्या दिवशी," ती म्हणाली, "छकड्यावर उभं राहून, भोंग्यातून. मनकर्णाबाईचा म्या अपमान केला, माहं चुकलं, असं. या टोकापासून त्या टोकालोक. मंग तंबूत, लोकायसमोर, हाती फडकं घेऊन पडदा तुमी पुसायचा."

"अन् मंग तुमी सांगसान, का मी काही कापत नाही म्हणून?"

"मंग म्या तंबूत येईन. बायांत बसीन."

खुशालरावांनी हात जोडले. त्यांना वाटलं, झालं.

आणि त्यांनी सगळं केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. बाजाराच्या दिवशी छकडा निघाला. पहिल्यांदा आवाज बारीक होता, तेव्हा मनकर्णाबाई मिरच्यांच्या ढिगामागून ओरडली, "आयकू येत नाही!" मग मोठ्यानं. "मनकर्णाबाई गोवर्धन माळी यायचा म्या अपमान केला! माहं चुकलं!" शालिकराम वाण्याच्या दुकानासमोर तिनं छकडा थांबवायला लावला आणि तिथं दोनदा म्हणवून घेतलं. शालिकराम आत गेला. पोट्टे छकड्यामागं धावत "मनकर्णाबाई, मनकर्णाबाई" ओरडत होते. संध्याकाळी तंबू गच्च भरला. पडदा नवा होता, डागाचं नाव नाही, तरी खुशालरावांनी ओलं फडकं घेतलं आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत पुसला. लोक हसले. मी या खेपेला हसलो नाही. मनकर्णाबाईकडं पाहत होतो. ती बायांत मधोमध बसली होती आणि एक एक शेंग फोडून खात होती.

सिनेमा आंधळ्या बापाचा. पोरं म्हाताऱ्याला घराबाहेर काढतात, तो रानोमाळ फिरतो. अख्खा तंबू रडला. हा तिनं आधी कोणाला सांगितलाच नव्हता, त्यामुळं शेवट काय ते कोणाला माहीत नव्हतं. शेवटचं रीळ. पोरं परत येतात, पाया पडतात. बाप चाचपडत हात पुढं करतो, पोरांच्या डोक्यावर ठेवतो, म्हणतो, "पोरांनो, सुखी राहा." दिवा लागला.

सगळ्या बाया मनकर्णाबाईकडं वळल्या. कनातीवरून गडीही डोकावले. खुशालराव मशीनजवळ हात जोडून उभे. माणूस कसा उभा होता म्हणता! त्या बाईच्या तोंडाकडं अशा नजरेनं पाहत होता, ज्या नजरेनं कापूस भरलेली गाडी पुरात अडकलेला शेतकरी काठाकडं पाहतो.

"सांगा ना बाई," सुभद्रा म्हणाली. "हाच शेवट हाय का?"

मनकर्णाबाईनं मांडीवरची फोलपटं झटकली. उभी राहिली. पदर सारखा केला.

"कापला," ती म्हणाली.

बस्स. एक शब्द. मग जो गोंधळ उडाला त्यातून ती सरळ वाट काढत दाराबाहेर आली. मी तिच्या मागं धावलो.

"बाई, हे काय? त्यानं तं सगळं केलं! भर बाजारात माफी मांगली!"

"त्यानं मांगली," ती म्हणाली. "म्या देल्ली कुठं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी खुशालरावांचा तंबू उतरत होता. बल्ल्या, दोऱ्या, गोणपाटं गाडीत भरणं चालू होतं. मी त्या बाजूनं जात होतो. त्यांनी मला बाजूला घेतलं. डोळे लाल, रात्रभर जागलेले.

"केशवराव, तुमी भला माणूस. एक खरं सांगा. त्या दोन जावांच्या सिनेमात भाकर खरंच हाय?"

मी त्यांच्याकडं पाहतच राहिलो. त्यांनी तो सिनेमा स्वतः पन्नासदा चालवला होता.

"म्या रात्रभर इचार केला," ते म्हणाले. "अकोल्यात म्हणतात भाकर हाय. चांदुरात म्हणतात हाय. माह्या घरची म्हणते हाय. मले वाटते, ज्याच्याकडून सिनेमे आणतो तो अमरावतीचा पेटीवालाच मले कापलेले रिळं देऊन राह्यला. आख्खा सिनेमा थेटरवाल्याले, अन् उरलेसुरले तुकडे माह्या गळ्यात! पाच साल झाले, फसवून राह्यला तो मले!"

तेव्हा मी सांगू शकत होतो. दोन शब्दांचं काम होतं. पण मला ओलं फडकं दिसलं, आणि माझं स्वतःचं हसणं ऐकू आलं.

"हाय खुशालराव," मी म्हणालो. "या हाताएवढी भाकर हाय."

"पाह्यलं!" ते ओरडले. चंद्रभानला म्हणाले, "गाडी तू घेऊन ये!" आणि सिनेमाची पत्र्याची पेटी काखेत मारून तरातरा मोटारीच्या अड्ड्याकडं निघाले. पेटीवाल्याशी भांडायला अमरावतीला. मोटार कोळशाची, सुटायला वेळ होता, तरी ते आत जाऊन बसले. तंबू त्यानंतर चांदूर बाजारात पुन्हा कधी लागला नाही.

मी तिथून थेट वावरात गेलो. मनकर्णाबाई पाटाला पाणी वळवत होती.

"गेला?" तिनं वर न पाहता विचारलं.

"गेला. पण कुठं गेला ते आयका," मी म्हणालो, आणि भाकरीचं त्यानं मला काय विचारलं आणि पेटी काखेत मारून तो कोणाशी भांडायला गेला ते सांगितलं.

तिच्या हातचं फावडं थांबलं. पाणी बांध फोडून माझ्या वावरात शिरायला लागलं, तिनं पाहिलंही नाही. धुऱ्यावर येऊन बसली, पदर मांडीवर गोळा केला.

"थांबा केशवभाऊ," ती म्हणाली. "असं नोका सांगू घाईघाईनं. पयल्यापासून सांगा."